बँकेच्या रोलमधली चांदी आणि १९४७ चं मेपलचं पान (कॅनडा)

कॅरिबू_मिसिसागा

काल रात्री मुलं झोपल्यावर बँकेतून आणलेले क्वार्टरचे (पंचवीस सेंटच्या नाण्यांचे) वीस रोल फोडले. चाळीस नाण्यांचा एक रोल, म्हणजे आठशे नाणी, दोनशे डॉलर. सतरा रोल कोरडे गेले. अठराव्याच्या मधोमध एक कडा शेजारच्यांपेक्षा पांढरी दिसली. नाणं बोटाने बाजूला सरकवलं, उलटं केलं, तर १९६२. केसांत पानांची माळ घातलेली तरुण एलिझाबेथ, मागे कॅरिबू हरणाचं मुंडकं, शिंगांची टोकं झिजून गुळगुळीत झालेली. ओट्यावर टाकून बघितलं. निकलचं नाणं नुसतं ठक्क करतं. हे खणखणलं आणि नाद मागे रेंगाळला.

सहा वर्षं हा नाद आहे. परवा दुसऱ्या एका धाग्यावर कॅनडातल्या दोघा-तिघांनी विचारलं, की बँकेत खरंच अजून चांदी मिळते का. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

मिळते. कमी मिळते, दर वर्षी आणखी कमी. आधी थोडा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर हातात आलेलं नाणंही ओळखू येत नाही.

कॅनडाच्या नाण्यांत १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदी होती. १९२० पासून १९६६ पर्यंत डाइम (दहा सेंट), क्वार्टर, अर्धा डॉलर आणि (१९३५ पासून) डॉलर ८० टक्के चांदीचे. मग चांदीचा भाव चढत गेला आणि नाण्यातली चांदी नाण्याच्या किमतीला भारी पडू लागली. १९६७ मध्ये डाइम आणि क्वार्टर काही ८० टक्के, काही ५० टक्के असे दोन्ही पाडले. १९६८ मध्ये आधी ५० टक्के चांदीचे आणि त्याच वर्षी पुढे शुद्ध निकलचे. अर्धा डॉलर आणि डॉलर १९६८ पासून सरळ निकलचे झाले. म्हणजे १९६६ आणि त्याआधीचं डाइम किंवा क्वार्टर दिसलं की डोळे मिटून ठेवून द्या. १९६७ चंही ठेवा, टक्के काहीही असोत. ते वर्ष ओळखायला सगळ्यांत सोपं, देशाच्या शताब्दीचं. ॲलेक्स कोलव्हिल या चित्रकाराने सगळ्या नाण्यांवर प्राणी-पक्षी आणले. सेंटवर पारवा, पाच सेंटच्या निकलवर ससा, डाइमवर बांगडा मासा, क्वार्टरवर रानमांजर, अर्ध्या डॉलरवर विव्हळणारा लांडगा, डॉलरवर उडतं कॅनडा गूज (रानहंस). (सेंट आणि निकलमध्ये मात्र चांदी नाही, त्या सशाला फसू नका.)

१९६८ चं काय करायचं? इथे लोहचुंबक कामाला येतो, आणि कॅनडातल्या शोधणाऱ्याला ही मोठीच सोय आहे. शुद्ध निकल चुंबकाला चिकटतं. २००० पासूनची मुलामा दिलेली पोलादी नाणीही चिकटतात. चांदी चिकटत नाही. मी क्वार्टर परातीत पसरतो आणि वरून चुंबक फिरवतो. खाली उरतात ती दोनच प्रकारची, चांदीची किंवा अमेरिकन. अमेरिकन क्वार्टर तांबं-निकलचं असल्यामुळे चिकटत नाही आणि आपल्याकडे खुर्द्यात सर्रास फिरतं. तेही टाकू नका, १९६४ किंवा त्याआधीचं असेल तर ९० टक्के चांदी आहे.

चुंबक नसेल तर वजन करा. चांदीचं क्वार्टर ५.८३ ग्रॅम, निकलचं साधारण पाच. चांदीचं डाइम २.३३, निकलचं २.०७.

१९६८ च्या डाइमची आणखी एक गंमत. निकलचं काम अचानक एवढं वाढलं, की ओटावाच्या टांकसाळीला झेपेना. तेव्हा त्यातली कोट्यवधी डाइम अमेरिकेत फिलाडेल्फियाला पाडून घेतली. कडेच्या खाचा भिंगाखाली पाहिल्या की कळतं. ओटावाच्या खाचा तळाशी टोकदार, फिलाडेल्फियाच्या सपाट. किंमत वाढत नाही, पण एकदा फरक दिसला की प्रत्येक १९६८ ची कड बघितल्याशिवाय हातातून सुटत नाही.

रोल कुठून आणायचे? जिथे आपलं खातं आहे त्या बँकेतून. मशीनने बांधलेल्या रोलपेक्षा गिऱ्हाइकांनी घरी बांधून आणलेले रोल मागा. कुणाच्या तरी आजोबांची बरणी रिकामी झालेली असते आणि नातवंडांनी वर्ष न बघता ती बांधून दिलेली असते. माझी निम्म्याहून जास्त चांदी अशा हाताने बांधलेल्या रोलमधून आली आहे. शोधून झालेली नाणी पुन्हा नीट बांधा आणि दुसऱ्या शाखेत भरा, नाहीतर पुढच्या आठवड्यात आपलेच रोल आपल्याच हातात येतात. काउंटरवरच्या माणसाशी सरळ बोला. काय शोधतो ते सांगितलं, की बहुतेकजण मदत करतात. शुक्रवारी संध्याकाळी रांग असताना जाऊ नका.

जुनी नाणी कमी होण्यामागे आणखी एक कारण आहे. २००४ पासून रॉयल कॅनेडियन मिंट जुनी निकलची आणि तांबं-निकलची नाणी चलनातून वेचून काढते आणि धातू परत मिळवते. आपण बरणीत हात घालतो त्याच्या आधी मशीनने हात घातलेला असतो. म्हणून २००० च्या आधीचं काहीही आता रोलमध्ये विरळ होत चाललंय.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. मला एक नाणं बँकेच्या रोलमधूनच हवंय, दुकानातून विकत नको. १९४७ चं, तारखेच्या शेजारी मेपलचं इवलंसं पान असलेलं.

त्या पानाचं कारण आपण आहोत. सहाव्या जॉर्जच्या कॅनडियन नाण्यांवर त्याच्या नावापुढे लॅटिनमध्ये 'रेक्स एट इंड इंप' असं कोरलेलं असायचं, म्हणजे राजा आणि हिंदुस्थानचा सम्राट. ऑगस्ट १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि ही पदवी काढणं भाग पडलं. पदवीशिवायचे नवे ठसे लंडनहून यायचे होते, ते १९४८ मध्ये बरेच महिने आले नाहीत. इकडे नाणी तर हवी होती. मग ओटावात १९४७ सालचेच जुने ठसे चालवले आणि हे पुढच्या वर्षी पाडलंय हे कळावं म्हणून सालाशेजारी पान बसवलं. नवे ठसे आले तेव्हा वर्ष संपत आलं होतं. म्हणून १९४८ चे चांदीचे डॉलर फक्त १८,७८० पडले आणि आज ते कॅनडाच्या डॉलरांत फार वरच्या पंक्तीत बसतात.

माझे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत येरवड्याला होते. त्यांच्या सुटकेचा धक्का समुद्रापार एका टांकसाळीच्या ठशाला लागला आणि त्याची खूण म्हणून एक पान उगवलं. ते पान मला माझ्या हाताने चिल्लरीतून वेचायचंय. सहा वर्षांत साधं १९४७ एकदा मिळालं, पानाचं नाही. कुणाला मिळालंय का? कोणत्याही नाण्यात चालेल.

विनिपेगवाली

फार छान धागा. वाचनखूण साठवली.

मी सेंटवाली आहे. पेनी, म्हणजे एक सेंट, ४ मे २०१२ ला आमच्या विनिपेगलाच शेवटची पडली आणि ४ फेब्रुवारी २०१३ पासून त्यांचं वाटप थांबलं. तेव्हापासून बँका पेनी घेतात पण देत नाहीत, त्यामुळे रोल मागून उपयोग नाही. पण घराघरांत बरण्या पडून आहेत. उन्हाळ्यात गराज सेलला एखादी म्हातारी कॉफीचा डबा भरून पेनी ठेवते, दर्शनी किमतीला किंवा थोड्या वर. मी तेच घेते. पान सेंटवरही आहे, आणि चांदीच्या नाण्यांपेक्षा कितीतरी सहज मिळण्यासारखं आहे. तुम्ही सेंट बघता की फक्त चांदीच?

निकलचे रोलही सोडू नका. पाच सेंटमध्ये चांदी १९२१ नंतर नाही, पण युद्धकाळ सगळा त्यात आहे. निकल हा धातू युद्धासाठी लागत होता, म्हणून १९४२ मध्ये टॉम्बॅकची नाणी काढली, ८८ टक्के तांबं आणि १२ टक्के जस्त. रंग पितळी होतो, सेंटशी गल्लत होऊ नये म्हणून बारा कोनांचा आकार दिला. १९४३ पासून त्यावर मशाल आणि इंग्रजीतला विजयाचा व्ही आला, थॉमस शिंगल्सचं काम. आणि कडेने जी नक्षी वाटते ती नक्षी नाहीच, मोर्स कोड आहे! 'वुई विन व्हेन वुई वर्क विलिंगली.' मन लावून काम केलं की आपण जिंकतो. माझा मुलगा स्काउटमध्ये मोर्स शिकला, त्याने भिंग घेऊन एकेक टिंब-रेघ वाचत सगळं वाक्य लावलं तेव्हा आम्ही दोघं जेवायचं विसरलो होतो.

१९४४-४५ ची क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी आहेत. ती चुंबकाला चिकटतात, तेव्हा चिकटलं म्हणून बाजूला ढकलू नका.

तोळामासा

पुण्यातून लिहितोय, कॅनडा कधी पाहिलेला नाही. पण नाणी तीस वर्षं जमवतो, म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी.

कॅनडाचा चांदीचा अर्धा डॉलर ११.६६ ग्रॅमचा. आपला ब्रिटिश काळातला चांदीचा रुपयाही ११.६६ ग्रॅमचा. दोन्ही १८० ग्रेन. म्हणजे तुमचा अर्धा डॉलर बरोबर एक तोळा भरतो, जुना तोळा, आजच्या सराफाचा दहा ग्रॅमवाला नव्हे. माझ्याकडे १९५८ चा एक अर्धा डॉलर आहे, मित्राने दिलेला. तो तराजूच्या एका पारड्यात आणि आजीचा राणीछाप रुपया दुसऱ्या पारड्यात ठेवला होता. आजीचा रुपया थोडा वर राहिला, कारण तो जास्त हातांतून गेलेला. जवळजवळ सारख्याच आकाराच्या चांदीच्या दोन चकत्या, दोन टोकांच्या दोन देशांत.

चांदी आपल्याकडे आधी गेली. रुपयात ९१.७ टक्के चांदी होती ती १९४० मध्ये ५० टक्क्यांवर आणली आणि १९४७ चा रुपया निकलचा झाला, मागे वाघ असलेला. कॅनडाने तेच दोन टप्पे १९६७-६८ मध्ये घेतले, आधी पन्नास टक्के, मग निकल.

आणि तुमच्या पानाबद्दल. गंमत बघा, कॅनडाने १९४८ मध्येच 'हिंदुस्थानचा सम्राट' नाण्यावरून काढला (राजानेही ती पदवी २२ जून १९४८ ला अधिकृतपणे सोडली), पण आपल्याच देशात 'किंग एंपरर' लिहिलेली नाणी १९५० पर्यंत चालू राहिली. प्रजासत्ताकाची नवी आण्यांची मालिका १५ ऑगस्ट १९५० ला आली. त्या अर्थाने आपल्या स्वातंत्र्याची खूण आपल्या नाण्याच्या आधी तुमच्याकडच्या नाण्यावर उमटली. हे मला आज तुमचा धागा वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं. दोन्ही माहित्या वेगवेगळ्या ठाऊक होत्या, शेजारी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या.

कॅरिबू_मिसिसागा

तोळामासा, हे वजनाचं मला ठाऊक नव्हतं. आत्ता उठून काट्यावर ठेवला. १९६४ चा अर्धा डॉलर, ११.६ भरला. आईला फोन करून सांगितलं, "अगं, कॅनडात तोळ्याचं नाणं होतं." ती म्हणाली, "मग जपून ठेव, सुनेला दे."

विनिपेगवाली ताई, सेंट मी बघत नव्हतो. तुमचं बरोबर आहे, मी चांदीच्याच मागे राहिलो. आता बरण्या शोधतो.

हिशेबनीस

माहिती उत्तम. पण थोडा हिशेब मांडू या का? वेळ, पेट्रोल, बँकेच्या खेपा धरून हे परवडतं का? आणि जमलेली चांदी वितळवून विकता येते का?

कॅरिबू_मिसिसागा

आधी दुसऱ्याचं उत्तर. नाही, वितळवता येत नाही. करन्सी ॲक्टप्रमाणे कॅनडाचं चालू नाणं परवान्याशिवाय वितळवणं, फोडणं किंवा चलनाखेरीज दुसऱ्या कामाला लावणं गुन्हा आहे. नाणं म्हणून विकता येतं. दुकानदार ते चांदीच्या वजनावर घेतात आणि तसंच पुढे विकतात.

हिशेब असा. ८० टक्क्यांच्या क्वार्टरमध्ये ०.१५ औंस शुद्ध चांदी, डाइममध्ये ०.०६, अर्ध्या डॉलरमध्ये ०.३०, डॉलरमध्ये ०.६०. समजा चांदी औंसाला चाळीस डॉलर आहे, तर क्वार्टरचे सहा डॉलर झाले. दुकानदार त्याहून थोडं कमी देईल. माझ्या कालच्या दोन तासांचे सहा डॉलर, त्यातले पंचवीस सेंट माझेच. कमाई म्हणून कुणी यात पडू नये, असं मी स्पष्ट सांगतो. पण तोटाही नाही. जे निघत नाही ते जसंच्या तसं बँकेत परत जातं. पैसे अडकतात ते आठवडाभर.

मी एकही विकलेलं नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. परत करायचे रोल घेऊन दुकानात खरेदीला जाऊ नका. कायद्याने नाण्यांत किती रक्कम स्वीकारावीच लागते याला मर्यादा आहे. डाइमपासून वरच्या, पण डॉलरपेक्षा छोट्या नाण्यांत दहा डॉलर, निकलमध्ये पाच. त्यापुढे दुकानदार नाही म्हणू शकतो. बँकेतच भरा. आणि भरताना मोजून बांधा. एका शाखेतून मला ३९ चे तीन रोल आले होते. तक्रार केली तर फोडलेला रोल आता मोजता येणार नाही म्हणाले. पाऊण डॉलर गेला त्याचं काही नाही, पण तसला रोल पुढे कुणाच्या गळ्यात आपल्या हातून पडू नये.

समुद्रकाठ

हॅलिफॅक्सहून. इकडे पूर्वेला एक वेगळी मजा आहे, न्यूफाउंडलंडची नाणी. ते १९४९ पर्यंत कॅनडात नव्हतं, त्याची नाणी स्वतंत्र. इकडच्या बरण्यांत अजून निघतात. सेंटवर पिचर प्लांट आहे, कीटक खाणारं झाड, १९३८ ते ४७ च्या नाण्यांवर. आणि त्यांच्याकडे क्वार्टरऐवजी वीस सेंटचं नाणं होतं. लोक ते क्वार्टर समजून पंचवीसला चालवायचे, शेवटी त्यांनीही पंचवीस सेंट काढला.

आता माझी चूक सांगते, दुसऱ्या कुणाच्या हातून तसं होऊ नये म्हणून. तीन वर्षांपूर्वी हाताने बांधलेल्या रोलमध्ये १९३६ चं क्वार्टर आलं. काळं पडलेलं होतं, साल जेमतेम वाचता येत होतं. घरात देवाची चांदीची भांडी मी चिंच लावून घासते, तशी ती चिंच नाण्याला लावली आणि जुन्या ब्रशने घासलं. लखलखीत झालं. मग भिंगाखाली धरलं, तर सालाच्या खाली, माळेची गाठ असते तिथे एक बारीक ठिपका. १९३६ चं ठिपकेवालं!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डिसेंबर १९३६ मध्ये आठव्या एडवर्डने गादी सोडली. सहाव्या जॉर्जचे ठसे तयार नव्हते. मग १९३७ च्या सुरुवातीला पाचव्या जॉर्जचेच १९३६ चे ठसे एक ठिपका देऊन वापरले. तुमच्या पानाचीच गोष्ट, अकरा वर्षं आधीची. ठिपक्याचं सेंट आणि डाइम तर जगात मोजकीच आहेत, क्वार्टर मात्र मिळू शकतं.

दुकानात घेऊन गेले. त्या गृहस्थांनी नाणं दिव्याखाली तिरपं धरून मला दाखवलं. राजाच्या गालावर सगळीकडे एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे. ते म्हणाले, ठिपका खरा आहे, पण वरचा थर गेला. नव्वद वर्षांचा रंग मी पाच मिनिटांत घालवला. नाणं माझ्याकडेच आहे. पुन्हा काळं पडायला लागलंय, पण ओरखडे दिसतातच.

कधीही घासू नका. चिंच नाही, लिंबू नाही, टूथपेस्ट नाही. माती लागली असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ फडक्यावर ठेवून द्या, पुसूही नका.

तोळामासा

समुद्रकाठ ताई, वाचून वाईट वाटलं. इथे तुळशीबागेच्या मागे एका दुकानात मी अख्खी थाळी भरून घासलेले राणीछाप रुपये बघितलेत, गिऱ्हाइकाला चकचकीत आवडतात म्हणून.

तुमच्या ठिपक्यावरून १९११ आठवलं. पाचव्या जॉर्जच्या पहिल्या वर्षी कॅनडाच्या नाण्यांवरून 'देई ग्राशिया', म्हणजे देवाच्या कृपेने, हे शब्दच वगळले होते. लोकांनी ओरड केली, पुढच्या वर्षी ते परत आले. त्याच १९११ मध्ये आपल्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका बुटका कोरला गेला की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान आणि हिंदू दोघांनाही ते खटकलं. १९१२ पासून सोंड नीट दिसेल असा हत्ती काढला. एकाच वर्षी, एकाच राजाच्या दोन नाण्यांवरून दोन देशांतल्या लोकांनी सरकारला माघार घ्यायला लावली. आजही आमच्याकडे तो 'डुक्कर रुपया' म्हणूनच ओळखला जातो.

जुनी_नोट

नोटांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. आमच्या घरमालकीण बाईंनी (वय ८८) मला १९५४ ची एक डॉलरची नोट दाखवली. त्या मालिकेच्या पहिल्या नोटांत राणीच्या कानामागच्या केसांच्या वळणांत हसणाऱ्या सैतानाचा चेहरा दिसतो, अशी ओरड झाली होती. मग १९५६ मध्ये ठसा बदलून केस गडद केले. ती जुनी, चेहऱ्याची नोट संग्राहकांना हवी असते. बाईंची नोट बदललेल्या केसांची निघाली, पण त्यांच्या नवऱ्याने पहिल्या पगारातली म्हणून ठेवलेली, त्यामुळे त्यांना तिची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते.

माहितीसाठी: १ जानेवारी २०२१ पासून १, २, २५, ५०० आणि १००० डॉलरच्या नोटा चलन म्हणून चालत नाहीत. फुकट गेल्या असं नाही, बँक ऑफ कॅनडा त्यांचे पैसे देते. पण तिथे देण्याआधी संग्राहकाला दाखवा. २५ डॉलरची नोट तर फक्त १९३५ मध्ये, पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवासाठी निघाली होती. ती पंचवीसला परत करणं म्हणजे अक्षम्यच. आणि १९५४ च्या नोटेवर क्रमांकाच्या आधी छोटी चांदणी दिसली तर ती बदली नोट, छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेली. तीही ठेवा.

पहिला_हिवाळा

मी सप्टेंबरमध्ये शिकायला आलोय, ब्रॅम्प्टनला राहतो. रोल आणायला आत्ता पैसे अडकवता येणार नाहीत. पण मी एका कॉफीच्या दुकानात संध्याकाळी गल्ल्यावर असतो. रोज हातातून चिल्लर जाते. त्यात काय बघावं?

कॅरिबू_मिसिसागा

तुझ्याएवढी संधी आमच्यापैकी कुणाला नाही. फक्त मालकाला आधी विचार आणि काही ठेवायचं असेल तर लगेच आपल्या खिशातलं तेवढंच नाणं गल्ल्यात टाक, रात्री हिशेब करताना नव्हे. गल्ल्याच्या बाबतीत शंकेला जागा नको.

चांदी सोडून हे बघ. १९७३ चं घोडेस्वार पोलिसाचं क्वार्टर. ते भरपूर आहेत, पण राणीचा चेहरा किंचित मोठा असलेले फार थोडे आहेत. चेहऱ्यावरून नवख्याला कळत नाही. कडेने बारीक मणी आहेत ते मोज. लहान चेहऱ्याला १२०, मोठ्याला १३२. मोजताना एका मण्यावर पेन्सिलची खूण कागदावरून लाव, नाण्यावर नको. मी आजवर तीसेक मोजले असतील, सगळे १२०.

१९९१ चं क्वार्टर, त्या वर्षी फक्त ४,५९,००० पडले. एका वर्षाच्या क्वार्टरसाठी हा आकडा फारच लहान आहे. मला सहा वर्षांत दोन मिळाले.

२००४ चं लाल पॉपीचं क्वार्टर, चलनातलं जगातलं पहिलं रंगीत नाणं. लाल रंग शाबूत असेल तर ठेव, बहुतेकांचा उडालेला असतो. २०१७ चं उत्तरध्रुवीय प्रकाशाचं टूनी (दोन डॉलरचं नाणं) अंधारात चमकतं, ते दिव्याखाली धरून मग हाताच्या ओंजळीत बघ. २०२२ च्या टूनीचं बाहेरचं कडं काळं असेल तर ते राणीच्या निधनाच्या शोकाचं.

आणि लूनी (एक डॉलरचं नाणं) हातात घेशील तेव्हा हे आठव. १९८७ मध्ये त्यावर होडीतले प्रवासी येणार होते, जुन्या डॉलरवरचेच. ओटावाहून विनिपेगला पाठवलेले ठसे वाटेतच हरवले आणि कुणी त्यांचा वापर करेल या भीतीने चित्रच बदललं. म्हणून त्यावर लून पक्षी आहे.

पहिला_हिवाळा

धन्यवाद दादा. काल एक बारा कोनी निकल आलं, १९५३. मालकांना विचारून बदलून घेतलं. आईला फोटो पाठवला, तिला वाटलं आपली जुनी दोन पैशांची नाणी.

विनिपेगवाली

धागा वर काढतेय, कारण आहे.

शनिवारी एका चर्चच्या तळघरात जुन्या सामानाची विक्री होती. लोणच्याच्या काचेच्या बरणीत पेनी, झाकणाला गंज. बारा डॉलरला घेतली. रात्री वर्तमानपत्रावर ओतून आम्ही दोघं, मी आणि मुलगा, दशकांप्रमाणे ढीग लावत बसलो. चाळिशीचा ढीग लहानसाच होता. मुलगा साल वाचायचा, मी लिहायचे. "सत्तेचाळीस," तो म्हणाला, "आई, ह्याच्यावर काहीतरी चिकटलंय." आणि नखाने काढायला लागला.

मी त्याचा हात धरला.

कॉफीसारखा गडद तपकिरी रंग. पुढे राजाच्या डोक्याभोवती 'इंड इंप' स्वच्छ वाचता येतंय. मागे डहाळीवर दोन मोठी पानं, प्रत्येक मेपल सेंटवर असतात तशी, आणि सालातल्या ७ च्या शेजारी तिसरं, तिळाएवढं. मुलाला तुमच्या आजोबांची गोष्ट वाचून दाखवली. त्याने विचारलं, येरवडा कुठे आहे.

कॅरिबू दादा, तुम्हाला ते रोलमधून आणि स्वतःच्याच हाताने हवंय हे माहीत आहे, म्हणून पाठवते असं म्हणत नाही. पण मिळतं एवढं कळावं.

कॅरिबू_मिसिसागा

ताई, तीनदा वाचलं. मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या, आणि नखाला आवरलंत त्याबद्दल तुमचे आभार. येरवडा पुण्यात, मुळा-मुठेच्या काठाला. तोळामासा जवळच राहत असतील.

एक बघाल का? पानाच्या सेंटमध्ये ७ चे दोन प्रकार आहेत. ७ च्या पायाचं खालचं टोक अणकुचीदार आहे की बोथट?

विनिपेगवाली

भिंग मुलाकडे होतं, तो शाळेतून आल्यावर बघितलं. अणकुचीदार.

तोळामासा

येरवड्याच्या पुलावरून रोज जातो. उद्या जाताना थांबेन जरा.